दचकायला बंदी

रात्रीचे पावणेतीन. डाव्या हाताच्या घडीत दोन महिन्यांची लेक नुकतीच झोपलेली, आणि यातलं 'नुकतीच' फार महत्त्वाचं, कारण पहिली पंधरा-वीस मिनिटं तिला खाली ठेवलं की डोळे टक्क उघडतात, हे ज्यांनी मूल वाढवलंय त्यांना सांगायला नको. शेजारच्या स्टुलावर स्विच, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, त्याच्या त्या पातळशा पायावर कसाबसा उभा, त्याचे दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे कडेचे कंट्रोलर, काढून एकेका हातात, इअरफोन फक्त उजव्या कानात कारण डावा कान पोरीसाठी मोकळा ठेवायचा. आणि स्क्रीनवर मेट्रो २०३३ या गेममधला मॉस्कोच्या मेट्रोचा एक बोगदा, ज्याच्या वळणाशी मी गेली पाच मिनिटं नुसती उभी आहे, कारण पुढे अंधारात काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येतोय आणि माझी पुढे जायची हिंमत नाहीये.

या सगळ्या मांडणीत नियम एकच. दचकायचं नाही. गेममध्ये मेलं तर पाच मिनिटं वाया जातात, शेवटच्या चेकपॉइंटपासून परत सुरू. इथे मात्र मी दचकले की कोपर हलणार, कोपर हललं की डोकं हलणार, आणि मग पुढची चाळीस मिनिटं खोलीत येरझाऱ्या. म्हणजे हॉरर गेम खेळायचा, पण त्यात जे मुख्य करायचं असतं तेवढं सोडून. शेवाळलेल्या छतातून एखादा नोसॅलिस, म्हणजे गेममधला बोगद्यात राहणारा हिंस्र प्राणी, अंगावर येतो तेव्हा माझा चेहरा काय व्हायचा तो होऊ दे, मानेपासून खाली मी दगड. सुरुवातीला नाही जमलं. दोनदा पोर उठली, एकदा जॉय-कॉन पडला तो नवऱ्याच्या पायावर. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र जमायला लागलं आणि मग लक्षात आलं की भीती बाहेर पडायला जागाच नसली की ती जात नाही, आत साठते. इतका घाबरवणारा गेम मी आयुष्यात खेळले नव्हते, आणि तो सहा इंची स्क्रीनवर, अर्ध्या आवाजात.

हाच गेम का, तर काही कारण नाही. आधीच घेऊन ठेवलेला होता आणि दुसरं काही डाउनलोड करायला त्या दिवसांत डोकं चालत नव्हतं. मेट्रो २०३३ हा मुळात २०१० सालचा गेम, युक्रेनच्या कीव्हमधल्या फोर-ए गेम्स नावाच्या स्टुडिओने केलेला, दिमित्री ग्लुखोव्हस्की या रशियन लेखकाच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून. अणुयुद्ध होतं, मॉस्कोतले जे लोक वेळेत भुयारी रेल्वेत पोचतात तेवढेच वाचतात, आणि वीस वर्षांनी त्यांची पोरंबाळं तिथेच फलाटांवर वाढतायत. एकेक स्टेशन म्हणजे छोटा देशच, कुठे कम्युनिस्ट, कुठे नाझी, कुठे नुसते व्यापारी. आपण आर्त्योम, वेदेनखा स्टेशनवरचा एक तरुण, जो एक निरोप पोचवायला पोलिस नावाच्या स्टेशनकडे निघालाय (हे पोलिस म्हणजे आपले पोलीस नव्हेत, ग्रीक शहरांना म्हणायचे तसं). २०१३ मध्ये पुढचा भाग आला, लास्ट लाइट. २०१४ मध्ये दोन्ही नव्याने घासूनपुसून रिडक्स म्हणून आले आणि त्या रिडक्सची स्विचवरची आवृत्ती २०२० च्या फेब्रुवारीत. मोठ्या कन्सोलवर सेकंदाला ६० फ्रेम दिसतात, इथे ३०. भिंतींचं टेक्स्चर जवळ गेलं की जरा बुळबुळीत दिसतं. मला काहीही फरक पडला नाही. बोगद्यात कोण भिंतींच्या जवळ जातंय.

खरी भीती त्यातल्या प्राण्यांची नसतेच, म्हणजे असते, पण ती येते आणि जाते. कायमची भीती असते हिशेबाची. जमिनीवर गेलं की हवा विषारी, गॅस मास्क घालावा लागतो, मास्कला फिल्टर लागतो आणि आर्त्योमच्या मनगटावरच्या घड्याळात त्या फिल्टरचा उरलेला वेळ दिसतो. त्याच घड्याळावर एक छोटा निळा दिवा, तो लागला म्हणजे तुम्ही उजेडात आहात आणि लोकांना दिसताय. टॉर्च आहे पण तो मंद होत जातो, मग एक हाताने दाबायचा चार्जर काढायचा आणि ट्रिगर टक टक टक दाबत राहायचं. हा टक टक आवाज मध्यरात्रीच्या खोलीत किती मोठा येतो ते मला नवऱ्याने सांगितलं. त्याला वाटलं पाल आहे.

आणि काडतुसं. युद्धाआधी बनवलेली चांगली काडतुसं हेच या जगातलं चलन. दुकानात तीच द्यायची, भिकाऱ्याच्या हातावर तीच ठेवायची. बंदुकीत साधारणपणे मेट्रोतच कुठेतरी ठोकून बनवलेली घाणेरडी काडतुसं भरायची, पण अगदीच गळ्याशी आलं तर रिलोडचं बटण दाबून धरलं की ती चांगली भरली जातात. ती झाडताना आवाजही वेगळा आणि मार जबरदस्त, आणि तुम्हाला कळत असतं की आपण प्रत्येक धडाक्याला पाकीट रिकामं करतोय. मी महिनाभरात एकदाच असं केलं आणि नंतर मला खरोखर चुटपुट लागली, इतकी की दुसऱ्या दिवशी दुपारी डायपर बदलताना आठवलं.

हा हिशेब हँडहेल्डवर दुप्पट होतो कारण कन्सोलची स्वतःची बॅटरी उतरत असते. माझा स्विच पहिल्या खेपेतला, त्याची बॅटरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार अडीच ते साडेसहा तास, आणि असल्या गेमला यातला कुठला आकडा लागू होतो ते वेगळं सांगायला नको. चार्जर खोलीच्या पलीकडच्या टोकाला. मी उठू शकत नाही. म्हणजे आर्त्योमच्या मनगटावर फिल्टर उतरतोय, माझ्या स्टुलावर बॅटरी, मांडीवर पोरीची झोप पण तशीच मोजून मिळालेली, आणि या तिघांतलं आधी काय संपणार ते माहीत नाही. अशात काही काळ खरंच तिघंही एका लयीत असल्यासारखे वाटायचे. मास्कमधून आर्त्योमचा श्वास ऐकू येतो ना, फिल्टर संपत आला की तो घरघरायला लागतो. मी उजव्या कानाने तो ऐकायचे आणि डाव्या कानाने लेकीचा. नवजात मुलांचा श्वास मधेच दोन-चार सेकंद थांबतो, मग भराभर चालतो, हे नॉर्मल असतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुस्तकातही होतं. तरी ते चार सेकंद. कितीदा मी गेम पॉझ न करताच तिच्या छातीकडे बघत बसले आणि इकडे आर्त्योम गुदमरून मेला.

एक प्रसंग सांगते. जमिनीवरचा भाग होता, बर्फ, मोडक्या इमारती, मास्कच्या काचेवर डाव्या बाजूला एक डाग. मास्कवर चिखल, रक्त उडतं ते पुसायला वेगळं बटण आहे, दाबलं की आर्त्योमचा हातमोजा काचेवरून फिरतो. मी दाबलं. डाग तसाच. परत दाबलं, परत हातमोजा आला, गेला, डाग तिथेच. मला वाटलं तडा गेलाय, आता मास्क बदलावा लागणार, आणि नवीन मास्क म्हणजे कुठल्यातरी मेलेल्या माणसाच्या तोंडावरचा शोधून काढायचा. चांगली पाच-सहा वेळा पुसापुशी झाल्यावर कळलं की तो डाग स्विचच्या स्क्रीनवर आहे, व्हिटॅमिनच्या थेंबांचा, आणि माझ्याच अंगठ्याचा. एकटीच हसले. म्हणजे हसायलाही बंदी होतीच, पोट हललं असतं, नाकातूनच हसले.

टीव्हीवर असं झालं नसतं. टीव्ही लांब असतो, त्यात डोकावावं लागत नाही. छोट्या स्क्रीनमध्ये आपण विहिरीत वाकून बघतो तसे बघतो, आणि अंधारलेला सीन आला की काचेत आपलंच तोंड दिसतं, मागे खिडकी, कुशीतलं गाठोडं. माझ्या जुन्या स्विचचा एलसीडी काळा रंग नीट दाखवत नाही, मागून दिवा कायम चालू असल्यामुळे काळ्याचा गडद राखाडी होतो. पुढे मैत्रिणीचा ओएलईडीवाला बघितला, त्यात काळं म्हणजे तेवढे पिक्सेल चक्क बंदच, बोगदा असा दिसतो की स्क्रीनला भोक पडलंय. सगळे म्हणतात तोच घ्यावा. मला मात्र ती राखाडीच बरी वाटते, खोलीतल्या अंधाराचा रंग पण तोच होता.

लायब्ररीचा भाग मी तीन रात्री घेतला. मॉस्कोतली लेनिन लायब्ररी, आणि तिच्यात लायब्रेरियन म्हणून ओळखले जाणारे ते अवाढव्य प्राणी. यांच्यावर गोळ्या झाडणं म्हणजे वेडेपणा, ढीगभर काडतुसं खाऊनही ते उभेच. उपाय एकच, समोर आला की डोळ्याला डोळा भिडवायचा आणि नजर न हलवता हळूहळू मागे सरकायचं. पाठ फिरवली की संपलं. आता विचार करा, दचकायला बंदी असलेल्या बाईला याहून सोपी परीक्षा कुठली. डाव्या अंगठ्याने स्टिक एवढीशी मागे ओढायची, जास्त ओढली तर वेग येतो, आणि समोर तो मागच्या पायांवर उभा राहून श्वास सोडतोय, मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे. मग पाठीला काहीतरी लागलं, पुस्तकांची मांडणी, आणि मागे जाता येईना, आणि बाजूला बघायची सोय नाही. किती वेळ गेला काय माहीत. शेवटी तो कंटाळला आणि वळला. रोज रात्री मी जे करत होते, झोपलेल्या पोरीवरची नजर न काढता पाळण्यापासून पावलापावलाने मागे सरकत दरवाजा गाठणं, तेच होतं हे. फक्त तिथे कचाकचा चावणारं कोणी नव्हतं.

गोळीबाराच्या बाबतीत माझा हात तसा बेताचाच. जायरो चालू केला होता, म्हणजे नेम धरताना उजवा जॉय-कॉन जसा हलेल तसा नेम सरकतो. सोयीचं आहे, फक्त हाताचा कंप पण तो इमानदारीने पोचवतो. त्यामुळे मी शक्यतो कोणाला मारलंच नाही. दिवे विझवत, कडेकडेने, मागून जाऊन नुसतं बेशुद्ध करून पुढे. आणि मारावंसं वाटूही नये अशी गेमने सोय केलीय. पहारेकरी आपापसात बोलत असतात, कोणाची बायको आजारी, कोणाला ड्युटीचा वैताग, कोणी आपल्या लहानपणचं सांगतोय. बाकीच्या गेममध्ये असली बडबड मी ऐकून न ऐकल्यासारखी करते. इथे ऐकत उभं राहिलं तर गेम त्याचीही कुठेतरी नोंद ठेवतो, भिकाऱ्याला काडतूस दिलं त्याची ठेवतो, स्क्रीन क्षणभर उजळते एवढंच, बाकी काही सांगत नाही, आणि शेवटी गोष्ट कुठल्या वळणाने जाणार ते या नोंदींवर ठरतं. पहिल्यांदा खेळताना मला याची काही कल्पना नव्हती. मी ऐकायचे कारण मला त्या वेळी मोठ्या माणसांचं बोलणं ऐकायला मिळतच नव्हतं.

मग तो मुलगा. एका उद्ध्वस्त स्टेशनावर साशा नावाचं एक पोरगं भेटतं, त्याच्याबरोबरचा मोठा माणूस मेलेला, आणि आर्त्योम त्याला पाठीवर घेतो. पाठीवर घेतो म्हणजे नुसतं गोष्टीत नाही, खेळताना कळतं. चाल जड होते, वळताना झोल जातो, नेम धरला की बंदूक ओढल्यासारखी बाजूला सरकते. आणि ते पोरगं घाबरलेलंच, पण कोण कुठून येतंय ते आपल्याआधी सांगतं. तोपर्यंत मला या खेळातलं सगळं जमायला लागलं होतं पण इथे मी सारखी मरत होते. डावा हात तर खराच अडकलेला. एकदा नोसॅलिस डावीकडून आला आणि मी वळायच्या नादात स्वतःच वळले, गादीवर, सगळी, पोरीसकट. ती उठली नाही. नुसती ओठ हलवून परत झोपली. मी मात्र गेम पॉझ करून जरा वेळ बसले. पुढे त्याला त्याच्या आईकडे पोचवल्यावर ती काडतुसं देऊ करते. मी घेतली नाहीत. खिशात चांगली काडतुसं किती होती तर सात.

मधल्या काळात मी या स्टुडिओबद्दल शोधून शोधून वाचत होते, एका हाताने मोबाइलवर जेवढं वाचता येतं तेवढं. या गेमची प्रकाशक कंपनी टीएचक्यू बुडाली तेव्हा तिचा प्रमुख असलेल्या जेसन रुबिनने २०१३ मध्ये लिहिलंय की लास्ट लाइट करताना ही मंडळी लग्नसमारंभातल्या घडीच्या खुर्च्यांवर कोपराला कोपर लावून बसायची, वीज जाणं नेहमीचंच, आणि नवं यंत्र हवं असलं तर कोणीतरी अमेरिकेला जाऊन ते पाठीवरच्या सॅकमध्ये लपवून आणायचं, नाहीतर सीमेवर जप्त. बजेट म्हणाल तर मोठ्या स्पर्धकांच्या दहा टक्के. हाताने दाबायचा चार्जर काय, ठोकून केलेल्या बंदुका काय, कोणाला सुचलं असेल असा मला प्रश्न पडायचा तो तिथेच मिटला. २०१४ मध्ये त्यांनी मुख्यालय माल्टाला हलवलं, पण कीव्हमधलं ऑफिस राहिलं.

२०२२ च्या फेब्रुवारीत मी लास्ट लाइटमध्ये होते. विमानाचा भाग. वर, मेलेल्या शहरात, एक प्रवासी विमान पडलेलं आहे, आर्त्योम आत शिरतो, सीटांवर पट्टे बांधलेले सांगाडे, आणि मधेच चमक येऊन तीच केबिन भरलेली दिसते, जिवंत माणसं, आणि पुढे कॉकपिटच्या काचेतून खाली जळणारं शहर. इथपर्यंत येऊन पोर उठली म्हणून पॉवरचं बटण दाबून स्विच झोपवला. ही या यंत्राची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, भीतीच्या ऐन मध्यात बटण दाबायचं आणि भीती जिथल्या तिथे गोठते, उद्या तिथूनच चालू.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मोबाइलवर फोटो आले. कीव्हची मेट्रो. फलाटांवर गाद्या, ब्लँकेटं, जिन्यावर बसलेली माणसं, थांबवून ठेवलेल्या गाडीच्या डब्यात झोपलेल्या बाया, मांजरांच्या पेट्या, मोबाइल चार्ज करायला लावलेल्या वायरींचा गुंता. तिथलं आर्सेनाल्ना स्टेशन सुमारे १०५ मीटर खोल आहे, जगातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. एका बाळाचा तर खाली मेट्रोतच जन्म झाला. आई म्हणाली, "अगं, रात्रीबेरात्री हे काय बघतेस, दूध आटेल." मी म्हटलं काही नाही, बातम्या.

मला ते फोटो बघताना एक फार विचित्र वाटत होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. मला ती जागा ओळखीची वाटत होती. कमानी, खांब, दिव्यांचा तो पिवळा. मी तिथे राहून आल्यासारखी. आणि मी तर गादीवर होते, कुशीत पोर, स्टुलावर खेळणं. ज्यांनी हा गेम बनवला त्यांच्याच गावातली माणसं आता खाली होती, आणि खाली उतरल्यावर लोक कसे बसतात, काय बोलतात, काय जपून ठेवतात हे त्यांनी बारा वर्षांपूर्वी रंगवून ठेवलेलं. ग्लुखोव्हस्कीनेही या युद्धाविरुद्ध उघड लिहिलं आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत त्याला आठ वर्षांची शिक्षा सुनावली. मॉस्कोच्या मेट्रोची गोष्ट लिहिणारा माणूस आता त्या मेट्रोत पाय ठेवू शकत नाही.

स्विच मी परत उघडला नाही. ठरवून असं नाही, राहून गेलं. ड्रॉवरमध्ये पडून त्याची बॅटरी कधीतरी संपली आणि ती गोठवून ठेवलेली केबिनही गेली.

परत लावला तो दीड वर्षाने. लेक तोपर्यंत स्वतःच्या पलंगावर, दुसऱ्या खोलीत. गेमने मागच्या चेकपॉइंटला नेऊन सोडलं, विमान पुन्हा पूर्ण करावं लागलं. आता दोन्ही हात मोकळे, दोन्ही कानांत इअरफोन, आणि सांगायला लाज वाटते पण मला त्यात काही भीती वाटेना. दोनदा चांगली दचकले, दचकून झालं की संपत होतं.

त्यानंतर थिएटर स्टेशन येतं. वर बोल्शोई थिएटर, खाली फलाटावर त्याचं उरलंसुरलं. पडदे, नाचणाऱ्या मुली, खुर्च्या मांडलेल्या, बसलात तर पूर्ण कार्यक्रम बघता येतो. पण त्याच्या आधी, येण्याच्या वाटेवर, एक माणूस लहान मुलांना भिंतीवर हाताच्या सावल्यांचे प्राणी करून दाखवत बसलेला असतो. तो एकेक प्राणी करतो आणि मुलं ओळखायचा प्रयत्न करतात, आणि त्यांना ओळखता येत नाहीत, कारण खाली जन्मलेल्यांनी ते कधी पाहिलेलेच नाहीत. त्यांना आठवतात ते बोगद्यातले.

गेममधला आर्त्योमचा सोबती पावेल पुढे जाऊन थांबला होता. मी मुलांच्या मागे उभी राहिले. सगळं बोलणं ऐकलं, मग आजूबाजूच्या घोळक्यांचं ऐकलं, परत तिथे आले. गेममधल्या माणसांना जेवढं लिहून दिलेलं असतं तेवढं बोलून झालं की ती गप्प होतात, जागच्या जागी जराशी हलत राहतात, पण तुम्हाला जा म्हणत नाहीत. बॅटरी निम्मी होती. उजव्या कानातला इअरफोन तसाच ठेवून डाव्यातला काढला आणि पलीकडच्या खोलीचा कानोसा घेत तिथेच उभी राहिले.